जुन्या फियाटमधील नवा गारवा

गेल्या वैशाखात आम्हांस सावरगावी जाण्याचा योग आला. पांढुर्णा-सौंसर हा मुलूख कारभाराने मध्य प्रदेशाचा, २०२३ सालापासून छिंदवाड्याहून वेगळा जिल्हा झालेला. पण घरातली बोली मराठी, बागा संत्र्यांच्या, बाजार नागपूरचा आणि नवस बोलायचे ते जामसावळीच्या मारुतीला. येथे आमचे एक स्नेही राहतात. घराणे मूळचे फोंड्याकडचे. वडील नोकरीनिमित्त नागपुरास आले, पुढे सावरगावी बाग घेऊन स्थिरावले. घरात अजून कोंकणी बोलली जाते. या वडिलांची १९६८ सालची फियाट अनेक वर्षे गोठ्याशेजारच्या पडवीत धूळ खात पडली होती. ती चिरंजीवांनी दुरुस्त करून घेतली व तीत वातानुकूलन यंत्र बसविले. 'गाडी पाहा आणि मोकळेपणाने मत द्या,' अशी त्यांची आज्ञा झाली. मत दिले, ते त्यांस फारसे रुचले नाही. तरीही ते छापावे असा त्यांचाच आग्रह आहे.

प्रथम गाडीविषयी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघू लागलेली ही 'फियाट ११०० डिलाइट'. हिलाच पुढे 'पद्मिनी' हे नाव मिळाले. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, अश्वशक्ती पन्नासाच्या आतली, गिअरचा दांडा चक्राच्या खांबाला. हिला निराळी चौकट नाही. पत्र्याची काया हाच हिचा सांगाडा. पुढच्या दारांना फिरणाऱ्या त्रिकोणी काचा असतात. काच उलटी फिरविली की धावत्या गाडीत वाऱ्याचा झोत थेट अंगावर येतो. या गाडीचे मूळचे 'वातानुकूलन' म्हणाल तर एवढेच.

आता झालेले काम. रंग उत्तम, बैठका नेटक्या, क्रोमची पट्टी जिथल्या तिथे. एंजिनाचा आवाज ऐकून जुन्या माणसांनी मान डोलवावी असा. येथवर मिस्त्र्याच्या हाताचे कौतुकच करावयास हवे. परंतु दार उघडून आत बसल्यावर मन खट्टू होते. डॅशबोर्डचा मधला पत्रा कापून चार झरोके बसविले आहेत. हातपेटीच्या जागी कूलिंग कॉइल आली आहे. एंजिन व बैठक यांमधल्या पत्र्याला पाइपांसाठी मूठभर भोक पाडले आहे. आणि गारवा निसटू नये म्हणून त्रिकोणी काचा काढून दोन्ही दारांना एकसंध काच लावली आहे. गॅरेजवाल्यांच्या बिलावर मात्र ठळक अक्षरांत 'संपूर्ण जीर्णोद्धार'!

स्नेह्यांच्या मातोश्रींना आम्ही मुद्दाम गाडीत बसविले. वय नव्वदीच्या घरात. यंत्र सुरू झाले, चार-पाच मिनिटांत आत सुखद गारवा पसरला. माउलीने उजवा हात उचलून काचेच्या कोपऱ्याशी नेला, क्षणभर चाचपले आणि हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, ''ही आमगेली गाडी न्हय.''

या प्रसंगावरून आम्ही वातानुकूलनाविरुद्ध शंख करणार, असे कोणी समजू नये. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि सावरगाव काही फार निराळ्या आकाशाखाली नाही. अशा उन्हात पत्र्याच्या गाडीतून वृद्धेला जामसावळीस किंवा नागपूरच्या डॉक्टरांकडे नेणे म्हणजे परीक्षाच. चिरंजीवांनी यंत्र बसविले ते आईसाठी, मिरविण्यासाठी नव्हे. 'जुन्या गाडीत नवे काहीच नको' असा सोवळेपणा बाळगणाऱ्यांस आमचे सांगणे की, गाडी पडवीत उभी राहिली तर पवित्र राहत नाही, ती कुजते. रबर कडक होते, टाकीत पेट्रोलचा चिकटा बसतो, तळाला गंज धरतो. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी याच पद्मिनींत यंत्रे बसवून निळ्या 'कूल कॅब' चालविल्या. त्यांनी पोटासाठी केले, त्यांस कोण दोष देईल? त्या टॅक्सींतील अखेरच्या गाडीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळ्यापिवळ्या पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या.

शिवाय मोटारीतला गारवा ही कल्पना वाटते तितकी अलीकडची नाही. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या गाड्यांत तो विकत दिला होता. कॉइल डिकीत, आणि कॉम्प्रेसर बंद करावयाचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे! गिऱ्हाइके कंटाळली, कंपनीने दोन-एक वर्षांत तो नाद सोडला. त्याच देशातील कोरड्या प्रांतांत लोक खिडकीला पाण्याचे नळकांडे टांगीत; आत ओला भुसा, त्यातून वारा गाळून येई. आपल्या विदर्भातील वाळ्याच्या ताट्यांचेच हे भावंड. कोरड्या हवेत ही युक्ती चालते. गोव्याच्या दमट उन्हाळ्यात मात्र तिने घामाखेरीज काही पदरी पडत नाही. तेथे हवेतील ओल काढून टाकणारे यंत्रच हवे.

तर प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. ते कसे बसविले, हा आहे. आमच्या वाचकांस देवळाचे उदाहरण लगेच पटेल. सभामंडपात पंखा टांगला म्हणून मंडप बाटत नाही. उद्या काढला तर खाली मंडप होता तसाच असतो. पण पंख्याची दांडी बसावी म्हणून कोरीव तुळई तासली, तर पंखा जाईल आणि तुळई परत येणार नाही. मूर्तीच्या जीर्णोद्धारात कलासंकोचाचा विधी असतो. देवतेची कला कलशात घेऊन काम करतात आणि मग ती पुन्हा स्थापन करतात. म्हणजे काय जपायचे हे हत्यार उचलण्यापूर्वी ठरलेले असते. गॅरेजात हा विचार झालेला दिसत नाही. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली जी ट्युरिन सनद मान्य केली, तिची प्रेरणा वास्तूंसाठी १९६४ साली झालेली व्हेनिस सनदच होती. तीही हेच सांगते: बदल करणे भागच असेल तर तो शक्यतो मागे घेता यावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपावेत.

या मापाने सावरगावच्या गाडीत काय करता आले असते? कॉम्प्रेसरसाठी एंजिनावर आधीच असलेल्या बोल्टांना पोलादी पट्टी. एंजिनाला नवे भोक नाही. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे, आणि तेथे वारा अडतो म्हणून सोबत विजेचा पंखा. हा जोडपंखा बसविला नाही तर रहदारीत उभ्या गाडीचे पाणी उकळू लागेल. जुना डायनामो यंत्राचा व पंख्याचा भार ओढू शकत नाही. अल्टरनेटर लावावा, डायनामो तेल लावून पेटीत ठेवावा. येथे तो भंगारात गेला! कॉइल डॅशबोर्डखाली उघडपणे टांगावी. ती सुंदर दिसणार नाही हे कबूल; पण आपण पाहुणी आहोत हे ती लपवीत नाही. कापलेल्या डॅशबोर्डातील झरोके मात्र कारखान्यातूनच आल्याचा आव आणतात, आणि आमचा खरा आक्षेप या आवावर आहे. पाइप हीटरच्या किंवा तारांच्या जुन्या भोकांतून नेता येतात. या गाडीत काया हाच सांगाडा असल्याने नवे भोक ही केवळ दिसण्याची बाब नव्हे, बळकटीचीही आहे. छताच्या कापडाआड व गालिच्याखाली नमदा पसरला असता तर निम्म्या कष्टात गाडी गार राहिली असती. पन्नासाच्या आतल्या अश्वशक्तीतून कॉम्प्रेसर दोन-चार सहज खातो, म्हणून चढणीवर तो बंद करण्याचे बटण हाताशी हवे. ते येथे आहे, हे नमूद करावयास हवे.

त्रिकोणी काचा काढण्याचे तर कारणच नव्हते. नवी रबरी पट्टी लावली असती तर त्या घट्ट मिटल्या असत्या. थोडा गारवा गेला असता, जाऊ द्यावा.

कोणी कायद्याचा दाखला देईल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या, काया-सांगाडा वा एंजिनात मोठा फेरफार नसलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद मिळते. पण अशा गाडीस प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरताच रस्ता मोकळा. नित्याच्या वापरास नाही. आमच्या स्नेह्यांनी ती नोंद मागितलीच नाही, कारण त्यांस आईला घेऊन जावयाचे आहे. हे आम्हांस सर्वस्वी योग्य वाटते. म्हणून तर जे कापले गेले त्याचे वाईट अधिक वाटते. प्रदर्शनातील गाडीपेक्षा या गाडीची आठवण घरात रोज वापरली जाणार आहे.

हे सारे ऐकून स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग पडवीत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेल्या दोन त्रिकोणी काचा घेऊन आले. मिस्त्र्याने टाकल्या होत्या, त्यांनी उचलून ठेवल्या होत्या. पावसाळ्यापूर्वी त्या पुन्हा दारांत बसवावयाचे ठरले आहे. डॅशबोर्डचा पत्रा मात्र नागपुरास, जुन्या फियाटचे भाग विकणाऱ्यांकडे, शोधावा लागेल.