तिसऱ्या चेहऱ्याची वाट

जॉन फ्रँकनहायमरच्या 'सेकंड्स'वर (१९६६) लिहिणारे बहुतेक जण दुसऱ्या आयुष्याबद्दल लिहितात. शीर्षकच तसं आहे, त्यामुळे त्यांना दोष नाही. मला मात्र हा सिनेमा पहिली शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा टेबलावर जायला निघालेल्या माणसाचा वाटतो. (पुढे शेवट सांगितला आहे. चालणार नसेल तर आधी सिनेमा पाहून या.)

आर्थर हॅमिल्टन हा न्यूयॉर्कजवळच्या उपनगरात राहणारा मध्यमवयीन बँकवाला. एक गुप्त 'कंपनी' त्याच्या मृत्यूचा बनाव रचते, चेहऱ्यापासून बोटांच्या ठशांपर्यंत सगळं बदलते आणि त्याला टोनी विल्सन नावाचा चित्रकार करून कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या घरात ठेवते. जॉन रँडॉल्फचा थकलेला चेहरा जातो आणि पट्ट्यांखालून चक्क रॉक हडसन निघतो! तक्रारीला जागाच नाही. तरी त्याचं कशात मन लागत नाही. कसं लागणार? चित्रकार व्हायचं हे त्यानं ठरवलेलंच नाही, औषधाच्या गुंगीत तो जे बरळला त्यावरून कंपनीनं ठरवलंय. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट चुकणं म्हणतात. ती चुकली की मागाहून कितीही पॅच मारले तरी उपयोग नसतो.

कॅमेरामन जेम्स वाँग हाउ अगदी रुंद कोनाच्या लेन्स चेहऱ्याजवळ नेतो. गाल फुगतात, कपाळ वाकतं. हडसनच्या देखण्या चेहऱ्यावरचा आपला विश्वास तो उडवतो.

पण सिनेमाचा जीव आहे तो एका खोलीत. सूट घातलेले पुरुष टेबलांपाशी गप्प बसलेत. हॅमिल्टन पहिल्यांदा कंपनीत येतो तेव्हा चुकून त्या खोलीत डोकावतो, आणि तेव्हा आपल्यालाही त्यात काही विशेष वाटत नाही. शेवटाकडे तो स्वतःच तिथे येऊन बसतो, तेव्हा कळतं की ही सगळी फसलेली गिऱ्हाइकं आहेत, नव्या चेहऱ्याच्या रांगेतली. नवं गिऱ्हाईक सुचवा, असं कंपनी म्हणते. त्याला नाव सुचत नाही. अखेर त्याला बोलावणं येतं, तो आनंदानं निघतो, आणि स्ट्रेचरवर त्याला उमगतं की पुढच्या कुणाच्या तरी खोट्या मृत्यूसाठी आता त्याचंच प्रेत वापरलं जाणार आहे.

इथे माझं सिनेमाशी भांडण आहे. पहिल्यांदा ज्याचं समाधान झालं नाही त्याचं कधीच होणार नाही, असं तो धरून चालतो. दुरुस्ती मागणं हाच त्याच्या लेखी आजार. माझ्या मावशीनं दोन वर्षांपूर्वी फेसलिफ्ट केलं. सूज उतरेल, व्रण मऊ पडतील, म्हणून वर्षभर थांबली. तिची तक्रार आयुष्याबद्दल नाही, काही मिलिमीटरांबद्दल आहे. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्वचेखालच्या 'स्मास' नावाच्या थराचं वर्णन केलं, आणि ताण कातडीऐवजी त्या थरावर घेण्याची पद्धत पुढे रुळली. ताण कातडीवरच राहिला की कानाची पाळी खाली, गालाकडे ओढली जाते. मावशीची डावी पाळी तशीच झालीय. ती केस मोकळे सोडून ती झाकते. अशा साध्या, मोजता येणाऱ्या दुःखाला 'सेकंड्स'मध्ये जागा नाही. त्याला माणसाचं अख्खं आयुष्यच चुकलेलं हवं असतं.

सिनेमा मी तिच्यासोबत पाहिला. थोडी भीत भीतच लावला होता. त्या खोलीचं दृश्य आलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, कुणीच कुणाकडे बघत नाहीये." आणि अगदी शेवटी, ड्रिल सुरू करण्याआधी, सर्जन हळहळतो, की तू माझं सगळ्यात चांगलं काम होतास. त्यावर मावशी जोरात हसली.

"माझे डॉक्टरही फोटो बघून असेच खूश होते."

दुसऱ्या डॉक्टरची वेळ तिनं घेतलीय, पुढच्या गुरुवारची. सोबत मी जाणार आहे.