कृष्णधवल छायाचित्रे आणि वर्णलोप

रंगीत छायाचित्र संगणकावर कृष्णधवल केले की त्यास आपोआप गांभीर्य येते, अशी एक समजूत अलीकडे रूढ झालेली आहे. प्रदर्शनांतून, दिवाळी अंकांतून आणि आता विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतूनही तिचा प्रत्यय येतो. रंग हा जणू आशयावर चढविलेला मुलामा असून तो खरवडला की आत निखळ आशय हाती लागतो, असे या समजुतीत गृहीत धरलेले असते. मला हे गृहीत मान्य नाही. आणि ते का मान्य नाही, हे एका अगदी साध्या चित्राच्या आधारे सांगता येण्यासारखे आहे.

सोलापूर परिसरातील वस्त्रविषयक शब्दसंग्रहावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाचा खर्डा मजकडे वाचावयास दिला होता. रंगीत पृष्ठांचा खर्च परवडेना, म्हणून तिने सर्व चित्रे कृष्णधवल करून घेतली होती. त्यांपैकी एकात इरकली लुगडे नेसलेली एक प्रौढ स्त्री उभी होती. शेजारच्या मजकुरात 'अंग हिरवे, काठ व पदर तांबडा' असे स्पष्ट वर्णन. चित्रात मात्र काठ मुळी दिसतच नव्हता. अंग आणि काठ दोन्ही एकाच करड्या छटेत विरून गेली होती.

असे का व्हावे? संगणकावरील चित्रातील प्रत्येक बिंदूची तांबडे, हिरवे व निळे अशी तीन मूल्ये ० ते २५५ या मापाने नोंदलेली असतात. कृष्णधवल करताना या तिहींपासून एकच मूल्य काढावे लागते. प्रचलित गणितांपैकी एकात तांबड्यास ०.२९९, हिरव्यास ०.५८७ व निळ्यास ०.११४ इतका भार दिलेला असतो, कारण मानवी डोळ्यास हिरवा प्रकाश अधिक उजळ भासतो. आता काठाचा तांबडा २०० आणि अंगाचा हिरवा १०२ धरला, व इतर मूल्ये शून्य मानली, तर दोहोंचे उत्तर ६० येते. साठावरून मूळ रंग तांबडा होता की हिरवा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

व्याकरणात आपण वर्णलोपाविषयी बोलतो. येथे घडते ते मात्र लोपापेक्षा निराळे आहे. मराठीच्या सर्वसामान्य उच्चारात 'श' आणि 'ष' एक झालेले आहेत. ध्वनी नाहीसा झालेला नाही, दोन ध्वनींमधील भेद नाहीसा झाला आहे, आणि तो केवळ लेखनात उरला आहे. कृष्णधवल रूपांतरातही रंग 'काढला' जात नाही. काही भेद राखले जातात व काही मिटविले जातात. कोणते राखावयाचे, हे कोणीतरी ठरवीत असते. छायाचित्रकाराने ठरविले नाही, तर प्रणाली बनविणाऱ्याने ते आधीच ठरवून ठेवलेले असते.

फोटोशॉपसारख्या प्रणालीत हे भार बदलता येतात. माझ्या सूचनेवरून विद्यार्थिनीने तांबड्याचा भार वाढविला. काठ लखलखीत उजळ झाला, अंग काळेभोर झाले; परंतु त्या स्त्रीच्या कपाळावरील कुंकू दिसेनासे झाले. कारण उघड आहे. कुंकवात आणि आपल्याकडील सावळ्या त्वचेत, दोहोंतही तांबड्याचे मूल्य मोठे असते. त्यामुळे तांबड्याचा भार वाढताच दोन्ही सारखीच उजळतात. त्वचेवरील डाग मावळतात, वर्ण गोरा दिसतो. (व्यक्तिचित्रे करणाऱ्यांना ही युक्ती प्रिय का, हे निराळे सांगावयास नको.) 'पांढऱ्या कपाळाची' हा मराठीतील एक निष्ठुर शब्दप्रयोग. त्यामागील रूढीचे समर्थन आज कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. तथापि चित्र पाहणारा ती खूण वाचतोच. एका पट्टीच्या सरकण्याने सुवासिनीची विधवा होते, आणि ते करणाऱ्यास त्याची जाणीवही नसते.

जुनेपणाचा आभास निर्माण करण्याकरिता जे असे रूपांतर करतात, त्यांची फसगत तर दुहेरी आहे. आरंभीच्या छायाचित्रणाच्या काचा केवळ निळ्या प्रकाशास ग्राही होत्या. लेपात रंजकद्रव्य मिसळून हिरवा प्रकाशही टिपता येतो, हे हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये दाखविले. तांबड्यासह सर्व रंग टिपणाऱ्या काचा १९०६ पासून विक्रीस आल्या आणि रुळावयास आणखी बराच काळ गेला. म्हणून एकोणिसाव्या शतकातील चित्रात कुंकू गडद, जवळजवळ काळे उमटते. तांबडे उजळून 'जुने' केलेले चित्र कोणत्याही जुन्या चित्रासारखे नसते.

हाच प्रश्न पंढरीच्या वारीच्या चित्रांत अधिक तीव्र होतो. भगव्या पताकेच्या एखाद्या बिंदूची मूल्ये २५५, १५३ व ५१ असू शकतात. केवळ तांबडे मूल्य घेतले तर पताका शुभ्र व आकाश काळवंडलेले. केवळ निळे घेतले तर आकाश पांढरे व पताका जवळजवळ काळी. पांढरे निशाण तहाचे आणि काळे निशाण निषेधाचे, असे आपली भाषा मानते. वारकऱ्याच्या खांद्यावर यांपैकी काहीच नसते. चित्रकर्त्याने निवड केलेली असते, आणि तिच्याबद्दल त्यास जाब विचारणे हे समीक्षेचे काम होय. रघुवीर सिंह यांनी 'रिव्हर ऑफ कलर' (१९९८) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भारतीय दृष्टी ही मूलतः रंगाची दृष्टी आहे, अशी भूमिका मांडली. इतक्या टोकास मी जाणार नाही.

कारण विरुद्ध उदाहरण आमच्या गावातच आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे भक्त पांढरी बाराबंदी ल्यालेले असतात. त्यांच्या रंगीत चित्रात दुकानांच्या पाट्या, फलक, प्लॅस्टिकची खेळणी यांचीच गर्दी आधी डोळ्यांत भरते. कृष्णधवल केल्यावर उंच काठीची उभी रेषा आणि तिच्या पायाशी एकवटलेला पांढऱ्या वस्त्रांचा समूह एवढेच पुढे येते. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध व समतोल ही तत्त्वे सांगितली. येथे विरोध मुळातच छायाप्रकाशाचा आहे, रंगाचा नाही, म्हणून रूपांतरात त्याची हानी होत नाही. असे चित्र चांगले होते ते कृष्णधवल असल्यामुळे नव्हे, तर जो भेद त्यास आवश्यक होता तो शिल्लक राहिल्यामुळे.

इरकलीच्या चित्राचे पुढे काय झाले, ते सांगावयास हवे. तांबड्याने कुंकू नाहीसे केले. निळ्याच्या भाराने कुंकू परतले, परंतु काठ व अंग दोन्ही काळी पडून पुन्हा एक झाली. तिसऱ्या खेपेस केवळ हिरवे मूल्य घेऊन पाहिले. काठ अंगाहून गडद उमटला आणि कपाळावरचे कुंकूही ठसठशीत राहिले. विद्यार्थिनीने तीच प्रत प्रबंधात घातली, मूळ रंगीत प्रत वेगळी जपून ठेवली, आणि चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिले : 'हिरव्या मूल्यावरून रूपांतरित. काठ मुळात तांबडा.'