समाजाचा राग म्हणजे पुरावा नव्हे

प्रतिशोधात्मक शिक्षेला आपण सरसकट सूड म्हणतो. ते बरोबर नाही. तिचं मूळ तत्त्व कडक आहे: ज्यानं केलं त्यालाच, आणि केलं तेवढंच.

पण १९८३ साली मच्छीसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फाशीसाठी समाजाच्या सामूहिक विवेकाला बसलेला धक्काही विचारात घेतला. गोम इथंच आहे. धक्का आपल्याला बसतो, गुन्हेगार कोण हे त्यातून कळत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या २००३च्या एका भीषण बलात्कार-हत्या प्रकरणात याच न्यायालयानं २००९ साली भटक्या जमातीतल्या सहाही आरोपींना फाशी ठोठावली आणि २०१९ साली सहाही जणांना निर्दोष सोडलं. मग पीडित कुटुंबाच्या पदरात काय पडलं? आपला राग खराच असतो हो. पण त्यालाच पुरावा मानलं, की शिक्षेचं नैतिक बळ संपतं.