‘लेडी बर्ड’ : श्रद्धेची टवाळी न करणारा विनोद

ग्रेटा गर्विग लिखित-दिग्दर्शित ‘लेडी बर्ड’ (२०१७) हा स्वतंत्र निर्मितीचा अमेरिकी विनोदी चित्रपट २००२-०३ मधील सॅक्रामेंटो शहरात घडतो. कॅथलिक शाळेत शेवटच्या वर्षाला असलेली क्रिस्टिन आईवडिलांनी ठेवलेले नाव टाकून स्वतःला ‘लेडी बर्ड’ म्हणवते. गर्विग स्वतः याच शहरात, कॅथलिक शाळेत शिकल्या.

धार्मिक संस्कारांवरच्या विनोदात नन खाष्ट असते, हा ठरलेला साचा. येथे तो मोडला आहे. सिस्टर सारा जोन यांच्या मोटारीवर ‘येशूशी नुकताच विवाह’ अशा अर्थाची पाटी लावली जाते, तेव्हा त्या हसतात. क्रिस्टिनचा निबंध वाचून त्या सुचवतात, की प्रेम करणे आणि लक्ष देणे एकच असावे. आईला समजून घेण्याची किल्ली हीच. वडिलांची नोकरी गेलेली, आई नर्स म्हणून जादा पाळ्या करते, मुलीला सतत टोचून बोलते आणि रात्री तिचाच ड्रेस शिवत बसते.

मर्यादाही नोंदवायला हवी. आपण समलिंगी आहोत हे घरी कळेल या भीतीने डॅनी रडतो. त्या भीतीमागील धर्मसंस्थेच्या वाट्याचा प्रश्न चित्रपट विचारत नाही. जिव्हाळा येथे टीकेला बोथट करतो.

शेवटी न्यूयॉर्कमध्ये ती रविवारी चर्चमध्ये शिरते, बाहेर येऊन घरी फोन करते आणि स्वतःचे नाव ‘क्रिस्टिन’ सांगते. हे श्रद्धेकडे परतणे, की केवळ घराची आठवण? चित्रपटातील प्रसंगांच्या आधारे ठरवा.