बाइट 227 आणि मराठीचा चंद्र

बीबीएस म्हणजे एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. एकाने जोडणी तोडली की दुसऱ्याचा नंबर. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी 1978 मध्ये शिकागोत पहिली सुरू केली. आपल्याकडे बंगळुरूत अतुल चिटणीस यांची सिक्स होती, मुंबईत लाइव्ह वायर. लोणावळ्याहून किंवा तळेगावहून घाटाखाली मुंबईला फोन लावायचा म्हणजे एसटीडी, आणि तेही रात्री 11 नंतरच्या पाव दराची वाट बघून. मावळातून पाहिले की बीबीएसच्या सॉफ्टवेअरचा खरा कस कळतो: ते फोन किती लवकर खाली ठेवू देते?

फोन लवकर ठेवता येण्याचे श्रेय छोट्या रूटीनना आहे. क्विकबीबीएस, रिमोटॲक्सेस, टेलिगार्ड, रेनिगेड ही सगळी बीबीएस सॉफ्टवेअर टर्बो पास्कलमध्ये लिहिलेली. त्यांच्याभोवती हौशी मंडळींनी निरोप गोळा करणारी, जुने पुसणारी, सीआरसी तपासणारी शेकडो रूटीन रचली. पास्कलची रेकॉर्ड थेट फाइलीत उतरते, सीक करून हवी ती नोंद गाठता येते. म्हणून हे कोड आजही वाचताना स्वच्छ वाटतात. क्यूडब्ल्यूके पद्धतीत तर सगळे निरोप 128 बाइटांच्या ठोकळ्यांत बांधून एकदाच उतरवायचे आणि फोन ठेवून सावकाश वाचायचे. ही काटकसर मला फार मोलाची वाटते.

पण ती इंग्रजी गृहीत धरून केलेली आहे, आणि इथे माझी तक्रार आहे. क्यूडब्ल्यूकेमध्ये ओळ संपल्याची खूण म्हणजे बाइट 227. 1991 च्या इस्की प्रमाणात, म्हणजे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामागच्या लिपीसंकेतात, 227 म्हणजे 'ॅ'. त्यामुळे इस्कीतला 'कॅसेट' हा शब्द या रूटीनमधून गेला की 'क'पाशी ओळ तुटते आणि 'सेट' खाली उतरतो. 'टॅक्सी'चेही तेच.

जुन्या सॉफ्टवेअरचे आजचे जतन बहुतांशी यंत्र चालू ठेवण्यापुरते आहे. वेगवान प्रोसेसरवर टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमुळे येणारी रनटाइम एरर 200 दुरुस्त झाली, मिस्टिक हे बीबीएस सॉफ्टवेअर तर फ्री पास्कलमध्ये लिहिले जाते. अक्षरांकडे मात्र लक्ष कमी. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या वाट्याला 227 येत नाही, एवढा दिलासा आहे. पण बीबीएसना एकमेकींशी जोडणाऱ्या फिडोनेटचा नियम बाइट 141 ला कच्चे ओळबदल मानून दुर्लक्षित करायला सांगतो, आणि यूटीएफ-8 मधल्या हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका 141! म्हणजे प्रत्येक जोडाक्षर धोक्यात. रशियन लोकांना हे ठाऊक होते. त्यांच्या डॉस संकेतात 'Н' हे अक्षर 141 वर होते, म्हणून ते त्याजागी सारखे दिसणारे लॅटिन अक्षर टाइप करत. देवनागरीत हलन्ताला असा बदली गडी नाही.

दुरुस्ती मोठी नाही. 141 दिसला की मागचे दोन बाइट बघायचे. ते 224 आणि 165 असतील तर ती पाय मोडायची खूण समजून ठेवायची. 'ऍ'साठी 224 आणि 164 हीही जोडी तपासावी. पास्कलमध्ये हे चार-पाच ओळींचे काम आहे.