छोट्या राउटरवरचं जीपीएस: आकडा स्वच्छ, चूक मात्र झाकलेली

या ब्लॉगवर मी एरवी माझ्या संशोधनातली एखादी संकल्पना सोपी करून सांगतो. आज जरा वेगळं करू. मी रोज वापरतो त्या एका सॉफ्टवेअरचं परीक्षण करणार आहे. चांगलं काय, वाईट काय, आणि शेवगावसारख्या तालुक्यात त्यावर कुठे भरवसा ठेवावा, कुठे ठेवू नये, हे बघू. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल. सातबारा वाचता येत असला म्हणजे झालं.

सॉफ्टवेअरचं नाव जीपीएसडी. ते चालवायची जागा म्हणजे हाताच्या पंज्यात मावेल एवढा वायफाय राउटर.

आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ

माझं पीएचडीचं काम जमिनीतल्या ओलाव्याच्या मोजमापावर आहे. रानात सेन्सर लावायचे तर प्रत्येक नोंदीला दोन गोष्टी लागतात: कुठे मोजलं आणि कधी मोजलं. लॅपटॉप काही रानात ठेवता येत नाही. छोटा राउटर मात्र मोबाईलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी काम अडत नाही. अशा राउटरची मूळ प्रणाली काढून त्यात ओपन-डब्ल्यूआरटी नावाची मुक्त लिनक्स प्रणाली टाकता येते. मग यूएसबीला जीपीएस रिसीव्हर जोडायचा, जीपीएसडी बसवायचं, की झालं. राउटरच्या वायफायवर असलेला कुठलाही फोन किंवा सेन्सर त्या एकाच रिसीव्हरकडून जागा आणि वेळ विचारू शकतो.

राउटर घेताना मात्र जपून. टीपी-लिंकचा एमआर-३०२० या कामासाठी एकेकाळी फार लोकप्रिय होता. त्याची फ्लॅश मेमरी ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी. एवढ्या जागेत आज काही मावत नाही. ओपन-डब्ल्यूआरटीच्या १९.०७ आवृत्तीनंतर अशा उपकरणांसाठी अधिकृत आवृत्त्या निघणं बंद झालं. म्हणून निदान १६ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमचा बघा. हे नुसतं सोयीसाठी सांगत नाही. अद्ययावत करता न येणारा राउटर पुढे कसा दगा देतो, ते खाली येईलच.

जीपीएसडी चांगलं का आहे

बाजारात रिसीव्हर शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाची बोली थोडी निराळी. बहुतेक जण एनएमईए नावाच्या जुन्या मजकुरी पद्धतीत बोलतात, काही जण कंपनीच्या स्वतःच्या बायनरी भाषेत. जीपीएसडी मध्ये बसतं, सगळ्यांचं ऐकतं आणि पुढे एकाच स्वच्छ भाषेत सांगतं: अक्षांश एवढा, रेखांश एवढा, उंची एवढी, वेळ अमुक. १९९० च्या दशकापासून हा प्रकल्प चालू आहे आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो.

ओपन-डब्ल्यूआरटीमध्ये याला दोन पर्याय आहेत. एक म्हणजे यूजीपीएस. अगदी छोटा प्रोग्राम. जागा, उंची, वेग, दिशा आणि माहिती किती सेकंद जुनी आहे, एवढंच सांगतो. अचूकतेबद्दल चकार शब्द नाही. दुसरा म्हणजे सेर-टू-नेट. तो रिसीव्हरचं बोलणं जसंच्या तसं वायफायवर सोडतो, अर्थ आपण लावायचा. या दोघांच्या तुलनेत जीपीएसडी बरंच जास्त देतं. कोणते उपग्रह दिसतायत, त्यांची आकाशातली मांडणी कशी आहे, आणि चूक किती असू शकते याचा अंदाजसुद्धा.

माझा आक्षेप त्या शेवटच्या गोष्टीवर आहे.

चुकीचा अंदाज येतो कुठून?

जीपीएसडी जागेसोबत ‘चूक इतके मीटर असू शकते’ असा आकडा देतं. तो वाचून आपल्याला वाटतं, हे कोणीतरी मोजलं असणार. काही वेळा तसं असतंही. रिसीव्हर स्वतःच्या चुकीचा अंदाज पाठवत असेल, तर जीपीएसडी तो वापरतं. पण साधा स्वस्त रिसीव्हर तो पाठवत नाही, तेव्हा जीपीएसडी स्वतः हिशोब करतं. हिशोब असा: उपग्रहांच्या मांडणीवरून निघणारा गुणक, गुणिले एक ठरलेली संख्या. आडव्या अंतरासाठी ही संख्या कोडमध्येच लिहून ठेवलेली आहे, १५ मीटर. दुरुस्तीचा सिग्नल मिळत असेल तर ३.७५ मीटर.

म्हणजे काय, ते जरा बघा. तुम्ही मोकळ्या कपाशीच्या रानात उभे आहात. नंतर त्याच रानातल्या पत्र्याच्या शेडशेजारी, लिंबाखाली जाऊन उभे राहिलात. समजा दोन्हीकडे दिसणारे उपग्रह तेच आहेत. शेडशेजारी सिग्नल पत्र्यावर आपटून उशिरा पोचतो आणि जागा काही मीटर इकडेतिकडे होते. पण जीपीएसडीच्या हिशोबात पत्रा कुठेच नाही! त्याला फक्त उपग्रहांची मांडणी दिसते. त्यामुळे दोन्हीकडे चुकीचा आकडा तोच. मोकळ्या रानात तो गरजेपेक्षा मोठा, आणि जिथे खरोखर सावध व्हायला हवं तिथे नेहमीसारखाच.

हे काही लपवलेलं नाही. कोड उघडला की दिसतं. पण कोड किती जण उघडणार? बाहेर येणाऱ्या माहितीत ‘हा रिसीव्हरने दिलेला अंदाज’ आणि ‘हा आम्ही धरलेला’ असा फरक दाखवलेला नाही. सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावणं हा जीपीएसडीचा सगळ्यात मोठा गुण, आणि ऐकलेलं कोणतं व गृहीत धरलेलं कोणतं हा भेद त्याच एका भाषेत पुसला जातो.

भरीला दशांश स्थळं. जीपीएसडी अक्षांश-रेखांश दशांशानंतर ९ अंकांपर्यंत छापतं. अक्षांशाचा नववा अंक म्हणजे जमिनीवर मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. आणि यूएसबीला लावलेला यू-ब्लॉक्स निओ-६एम, म्हणजे एक स्वस्त रिसीव्हर, स्वतःच्या माहितीपत्रकात सांगतो २.५ मीटर. तेही सीईपी पद्धतीने, म्हणजे निम्मी निरीक्षणं २.५ मीटरच्या वर्तुळाच्या आत आणि निम्मी बाहेर. तराजू किलोचा, आणि पावतीवर मिलिग्रॅम.

मग बांधाचं काय?

हा सगळा वाद प्रयोगशाळेपुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. पण मी राउटर घेऊन रानात उभा होतो तेव्हा आमच्या नानांनी (माझे चुलते) सरळ विचारलं, “एवढ्याशा डब्याला सॅटेलाइट कळतं, मंग बांध कुठून जातो ते सांग की.” मी म्हटलं, “नाना, डब्याला आपण कुठल्या रानात आहोत ते कळतं, बांध नाही कळत.” नानांना ते पटलं नाही. ते म्हणाले, मोबाईलवर सगळे मोजतात आणि क्षेत्र बरोबर येतं.

नानांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि गोंधळ इथेच होतो. क्षेत्र बऱ्याचदा खरंच जवळपास बरोबर येतं. का? जीपीएसची बरीचशी चूक, वातावरणामुळे आणि उपग्रहांच्या कक्षेमुळे येणारी, सावकाश बदलते. दहा मिनिटांत रानाला फेरी मारली तर चारही कोपरे साधारण एकाच दिशेला, सारखेच सरकतात. आकार तोच, क्षेत्र तेच, फक्त सगळं रान दोन मीटर पूर्वेला! एका बाजूला तुम्ही शेजाऱ्याच्या वावरात शिरलात, दुसऱ्या बाजूला स्वतःचं सोडलंत. सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळलं म्हणून हद्द जुळली असं होत नाही.

याची किंमत किती? सोपा हिशोब लक्षात ठेवा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे १०० मीटर लांबीचा बांध १ मीटर सरकला, की जवळपास १ गुंठा इकडचा तिकडे. २.५ मीटर सरकला की अडीच गुंठे. बांध कोरण्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. असं असताना ९ दशांश स्थळांचा आकडा हातात घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाणं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

सेंटीमीटरची अचूकता मिळते, पण ती वेगळ्या पद्धतीने, आरटीकेने. माहीत असलेल्या जागी एक रिसीव्हर कायमचा बसवतात. तो चूक मोजतो आणि दुरुस्ती इंटरनेटवरून फिरत्या रिसीव्हरला, म्हणजे रोव्हरला, पाठवतो. सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात अशी ७७ कॉर्स केंद्रं उभारली आहेत आणि भूमी अभिलेख विभाग मोजणीसाठी रोव्हर वापरतो. तरीसुद्धा हद्द कायम करताना नुसता रोव्हर पुरत नाही. जुना नकाशा, लगतधारकांना नोटीस, जागेवरच्या खुणा आणि शेवटी मोजणीची ‘क’ प्रत, हे सगळं लागतं. हद्द ठरते ती या कागदपत्रांवर. उपग्रह त्या कामात मदतीला असतो, एवढंच.

एक खड्डा, आरटीके वापरणाऱ्यांसाठी

आरटीकेमध्ये ‘फिक्स’ आणि ‘फ्लोट’ अशा दोन अवस्था असतात. फिक्स म्हणजे सेंटीमीटर, फ्लोट म्हणजे चूक काही डेसिमीटरपर्यंत जाऊ शकते. एनएमईएच्या वाक्यात फिक्सचा अंक ४ आणि फ्लोटचा ५. जीपीएसडीच्या माहितीत फिक्स ३ आणि फ्लोट ४. म्हणजे एकच ४, एका ठिकाणी ‘खुशाल विश्वास ठेव’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘थांब अजून’. सेर-टू-नेटसाठी लिहिलेला प्रोग्राम कोणी अंक न बदलता जीपीएसडीला जोडला, तर तो फ्लोटला फिक्स समजणार, आणि कुठेही लाल दिवा लागणार नाही. दस्तऐवजात हे लिहिलेलं आहे, मान्य. पण जगभर रुळलेल्या अंकांना वेगळा अर्थ देणं ही रचनेतली चूकच म्हणायची.

आणि वेळ?

या राउटरांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट जाऊन आली की त्यांना तारीख आठवत नाही. म्हणून रानात जीपीएसकडून वेळ घेणं फार उपयोगाचं आहे. इथे जीपीएसडीचं काम उत्तम आहे, एक प्रसंग सोडून.

जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे मोजतो तो १०२३ पर्यंत, नंतर पुन्हा शून्य. त्यामुळे नेमकी तारीख ठरवायला सॉफ्टवेअरला डोकं लावावं लागतं. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ आवृत्त्यांत एक तपासणी घातली होती. एका ठरावीक आठवड्यापर्यंत लीप सेकंदांची संख्या १८ वरून वाढलेलीच असेल, असं त्यात गृहीत धरलेलं. ती वाढली नाही. परिणामी २४ ऑक्टोबर २०२१ ला या आवृत्त्या १०२४ आठवडे मागे, मार्च २००२ मध्ये जाणार होत्या. चूक आधीच लक्षात आली आणि ३.२३ मध्ये दुरुस्तही झाली. पण दुरुस्ती मिळते ती अद्ययावत होणाऱ्या उपकरणाला. रानात पेटीत बंद असलेल्या, मेमरी भरलेल्या जुन्या राउटरला ती कोण देणार? तिथे सप्टेंबरच्या पावसाची नोंद २०२१ ची आणि दिवाळीनंतरच्या ओलाव्याची २००२ ची.

पुन्हा दुखणं तेच. अंदाजाला वस्तुस्थितीचे कपडे घालून बाहेर पाठवलं.

मग वापरायचं की नाही?

वापरा. मी वापरतोच. सेन्सर कुठल्या गटात आहे, नोंद कधीची आहे, ट्रॅक्टर कुठे आहे, विहीर नकाशावर कुठे येते, यासाठी छोटा राउटर आणि जीपीएसडी पुरेसे आहेत. फक्त चार गोष्टी पाळा. रिसीव्हर स्वतःच्या चुकीचा अंदाज पाठवेल अशी सेटिंग करा. एनएमईएत त्यासाठी जीएसटी नावाचं वाक्य असतं. नोंदवहीत दशांशानंतर ५ च अंक ठेवा. पाचवा अंक म्हणजे साधारण १ मीटर, आणि तोही उदारपणे. जीपीएसडीची आवृत्ती लिहून ठेवा. आणि रिसीव्हरचं मूळ बोलणं जसंच्या तसं वेगळ्या फाईलमध्ये साठवा, म्हणजे पुढे शंका आली तर तपासता येईल.

आणि बांधाचा प्रश्न असेल तर रीतसर मोजणीचा अर्ज करा. कोणी मोबाईलवर क्षेत्र जुळवून दाखवलं, तर त्याला एकच विचारा: “क्षेत्र जुळलं ते ठीक, पण कोपरा कुठल्या खुणेवरून पडताळला?”

प्रश्न असतील तर जरूर कळवा. पुढच्या लेखात पत्र्याच्या शेडशेजारी सिग्नलचं नेमकं काय होतं, ते आकृत्या काढून बघू.