शोक आणि श्रोता : ‘तेरवं’ या नाटकाच्या अनुषंगाने

शोक हा करुणरसाचा स्थायीभाव होय, हे साहित्यशास्त्राचे मूलभूत वचन आहे. परंतु शोकाला रसरूप प्राप्त होण्यास सहृदयाची अपेक्षा असते, ही गोष्ट जितकी नाट्यगृहाला तितकीच घराच्या अंगणालाही लागू पडते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत मातीला आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडते, तेव्हा त्या रडण्यात बोल असतात. गेलेल्याचे नाते, त्याचे गुण, त्याच्या हातून राहून गेलेली कामे या साऱ्यांचा त्यांत उच्चार होतो. ऐकणारी त्यांत आपले बोल मिसळते, आणि तेरवीपर्यंत हा विलाप अनेकींच्या मुखाने पुरा होतो. त्याचा कर्ता एक नसतो. श्रोता हाच त्याचा सहकर्ता असतो.

करोनाच्या साथीने नेमका हा श्रोता हिरावून घेतला. मार्च २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मृतदेहाच्या व्यवस्थेविषयी ज्या सूचना प्रसृत केल्या, त्यांत देहाला स्पर्श न करता धर्मग्रंथाचे पठण करण्यास व पिशवी उघडून मुखदर्शन घेण्यास मुभा होती. स्नान घालणे व आलिंगन देणे यांस मनाई होती. पुढे अंत्यविधीस २० हून अधिक माणसांना बंदी झाली. संसर्गाच्या भयापुढे हे निर्बंध अनाठायी होते असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांचा वाङ्मयीन परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मंत्र राहिला, विलाप गेला. कारण मंत्राला एकटा पुरोहित पुरतो, विलापाला दुसऱ्याचा गळा लागतो.

खंडित शोकाचा अनुभव यवतमाळला साथीनेच प्रथम दिला, असे मात्र नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे तेथील घरांत शोकाच्या पहिल्याच दिवशी पंचनामा शिरला होता. साहाय्यास ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविणारी चौकशी, १ लाख रुपयांचे अनुदान आणि विधवेकडे पाहण्याची गावाची दृष्टी यांच्या गर्दीत तिचे रडणे अर्धवट राही. श्याम पेठकर लिखित व हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकाने हा राहून गेलेला शोक रंगमंचावर आणला. शेतकऱ्यांच्या विधवांनीच त्यात भूमिका केल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले.

येथे एक शास्त्रीय आक्षेप संभवतो. अभिनवगुप्ताच्या मते लौकिक शोक म्हणजे रस नव्हे. तो व्यक्तिबंधनातून मुक्त होऊन त्याचे साधारणीकरण झाले, तरच तो आस्वाद्य होतो. मग जिचा शोक तिनेच तो रंगमंचावर मांडला, तर प्रेक्षकाला येतो तो रसानुभव की केवळ अनुकंपा? आक्षेप वजनदार आहे, आणि काही प्रेक्षकांचा प्रतिसाद अनुकंपेपाशीच थांबण्याचा संभव नाकारता येत नाही. परंतु येथील स्त्री केवळ आपलेच शब्द बोलत नाही; दुसऱ्याने लिहिलेले, तालमीत घोटलेले, अनेकींच्या मुखी वाटून दिलेले शब्द ती बोलते. स्वतःच्या दुःखापासूनचे हे अंतरच साधारणीकरणाचे कार्य करते. प्रेक्षागृह तेवढ्या वेळापुरते मातीला आलेले गाव बनते, आणि शीर्षकातील तेरावा दिवस, उशिरा का होईना, पाळला जातो.

साथीच्या काळात नाट्यगृहेही बंद पडली. मार्च २०२० पासून, मधले काही महिने वगळता, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत मिटलेलीच होती. अंगण व रंगमंच ही श्रोत्याची दोन्ही स्थाने अशा रीतीने एकाच वेळी नाहीशी झाली. त्याच ऑक्टोबरात करोनामृतांच्या वारसांसाठी ५०,००० रुपयांच्या साहाय्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. साहाय्य आवश्यकच होते. पण त्याबरोबर मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे पात्रतेचा कागद, पुन्हा शोकाच्या दारी आला.

म्हणून साथीवरील मराठी लेखनाचे मूल्यमापन करताना एकाकी मृत्यूचे वर्णन किती हृदयद्रावक आहे, एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. हिरावलेल्या श्रोत्याची जागा त्या लेखनात पुन्हा निर्माण होते काय, आणि वाचकाला त्या विलापात आपले बोल मिसळता येतात काय, हे तपासणे अधिक महत्त्वाचे आहे. शेतकरी विधवेच्या शोकाला ‘तेरवं’ने ती जागा मिळवून दिली. ज्यांच्या मातीला गाव येऊ शकले नाही, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यालाही हाच निकष लावावा लागेल.